दोनशे तीस यार्डांचा न्याय

देवनहळ्ळी म्हटले की मराठी वाचकाला टिपू सुलतानाचे जन्मगाव आठवते, नाहीतर बंगळूरचा विमानतळ. त्याच तालुक्यात, नंदी डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, प्रेस्टिज गोल्फशायरचे अठरा होलचे मैदान आहे. गोल्फ खेळणाऱ्यांची एक जुनी तक्रार तपासून पाहायला हा परिसर सोयीचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरांची उंची, पठारावरचा मोकळा वारा, पावसाळ्यात ओली राहणारी जमीन, आणि शेजारच्याच गावांत न्याय-अन्यायाचे एक खरेखुरे भांडण नुकतेच होऊन गेलेले. तक्रार आहे लांब पार-थ्री होलची. ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये : प्रत्येक होलला किती फटके लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. त्यात ग्रीनवरचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवरचे, दोन हलके फटके (पट) गृहीत धरलेले असतात, म्हणजे पार-थ्रीवर टीवरून, सुरुवातीच्या जागेवरून, मारलेला पहिलाच चेंडू ग्रीनवर जाऊन थांबला पाहिजे. अंतर दीडशे यार्ड असेल तर ही मागणी कोणाला जाचत नाही. असे छोटे होल तर सगळ्यांचे लाडके असतात. अंतर दोनशेच्या पुढे गेले, सव्वादोनशे, अडीचशे झाले, की ‘हे काही फेअर नाही’ असे टीवर हमखास ऐकू येते.

ही हौशी मंडळींची कुरकुर म्हणून सोडून देता येईल. पण तिच्या तळाशी असलेला प्रश्न गोल्फपेक्षा पुष्कळ जुना आहे. जे एखाद्याच्या आवाक्यात नाही ते त्याच्याकडून मागावे का, आणि मागितलेच तर न जमल्याचा दोष त्याच्या माथी मारावा का? यावर आपल्याकडचे भाष्यकार भांडले आहेत आणि युरोपातले धर्मचिंतकही. धर्माच्या क्षेत्रात या प्रश्नाला इतके पदर असतात की मूळ गाठ दिसेनाशी होते. मैदानावर मात्र यार्डांत अंतर असते आणि कार्डावर आकडे. माझे म्हणणे असे की लांब पार-थ्री केवळ अवघड आहे म्हणून अन्याय्य ठरत नाही. अवघड असणे हा खेळाचा दोषच नव्हे. तो अन्याय्य ठरतो ते दोन गोष्टी एकत्र आल्यावर : खेळणाऱ्याला मोजायची फूटपट्टी दुसऱ्याच माणसाच्या ताकदीवरून आखलेली असते, आणि जो कमी पडणार हे आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवलेली नसते. यांतली एकच गोष्ट असेल तर माणूस निभावून नेतो. दोन्ही असल्या की त्याच्याकडे उरते ती फक्त एक ठरलेली फजिती.

फूटपट्टीचे आधी पाहू. २०२० पासून जगभर लागू झालेल्या हँडिकॅप-नियमांत पार ठरवण्यासाठी अंतराचे कोष्टक दिले आहे. पुरुषांसाठी २६० यार्डांपर्यंतचा होल पार-थ्री मानता येतो, स्त्रियांसाठी २२० यार्डांपर्यंतचा. मैदानाचे मूल्यमापन करताना हीच व्यवस्था दोन नमुनेदार खेळाडू डोळ्यांपुढे ठेवते. एक स्क्रॅच खेळाडू, म्हणजे ज्याला हँडिकॅपची, जादा फटक्यांच्या सवलतीची, गरज नाही असा. त्याचा टीवरचा फटका २५० यार्ड धरतात आणि स्त्री असेल तर २१० यार्ड. दुसरा बोगी खेळाडू, तुमच्या-आमच्यासारखा क्लबातला सामान्य माणूस. त्याचे अंतर २०० यार्ड, आणि स्त्रीचे १५०. आता हे आकडे शेजारी ठेवून पाहा. स्क्रॅच पुरुषाचा फटका आणि पार-थ्रीची कमाल मर्यादा यांत अंतर दहा यार्डांचे. स्क्रॅच स्त्रीच्या बाबतीतही नेमके दहाच. बोगी पुरुषाला मात्र साठ यार्ड कमी पडतात, आणि बोगी स्त्रीला सत्तर, म्हणजे तिच्या संपूर्ण फटक्याच्या जवळजवळ निम्मे. कोष्टक कोणाला समोर बसवून शिवले आहे हे यावरून उघड होते. यात लपवाछपवी नाही. पारची व्याख्याच मुळी स्क्रॅच खेळाडूकडून अपेक्षित असलेली फटक्यांची संख्या अशी आहे. १९११ मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेने पार-थ्रीची मर्यादा २२५ यार्डांवर ठेवली होती, पुढे ती वाढत गेली, तीही वरच्या खेळाडूंच्या लांबीमागोमाग. छोट्या होलवर हे परक्याचे माप अंगाला टोचत नाही, कारण १४० यार्ड दोघांच्याही आवाक्यात असतात. दोनशे तीसवर ते उघडे पडते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हुशार आहे. पार हे नुसते नाव आहे, असे तो सांगतो. स्पर्धेत मोजले जातात ते एकूण फटके. पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँटचा आठवा होल २००७ च्या यूएस ओपनमध्ये कार्डावर २८८ यार्डांचा पार-थ्री होता आणि शेवटच्या दिवशी तो तीनशे यार्डांवरून खेळवला गेला. वरच्या कोष्टकाप्रमाणे तो सरळ पार-फोरच. पण त्याला पार-फोर म्हटले असते तरी कोणाचाही एक फटका कमी झाला नसता, क्रमवारी तीच राहिली असती. मग रडायचे कशाला? उत्तराचा एक भाग तांत्रिक आहे. १९३२ मध्ये डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी वॅलसी क्लबात रूढ केलेल्या गुणपद्धतीत गुण पारवरून मिळतात, आणि ही पद्धत आज क्लबाक्लबांतून खेळली जाते. हँडिकॅप काढतानाही एका होलवर जास्तीत जास्त किती फटके धरायचे हे पारवरूनच ठरते. मात्र खरे उत्तर दुसरीकडे आहे. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या दोन संशोधकांनी व्यावसायिक खेळाडूंचे पंचवीस लाखांहून अधिक पट तपासून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : तेवढ्याच अंतराचा पट बर्डीसाठी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी लागावा म्हणून, असेल तर तो पारसाठीच्या पटापेक्षा कमी वेळा पडतो. चेंडू तोच, बक्षिसाची रक्कम तीच, तरीही ‘पार हातून जाईल’ या भीतीने हात अधिक काळजीने चालतो. जगातले सर्वोत्तम खेळाडू ज्या नावाने हलतात ते नुसते नाव कसे? कर्तव्याला आपण जो आकडा चिकटवतो तो माणसाच्या वागण्यात शिरतो, आणि त्याच्या स्वतःविषयीच्या मतातही. चार फटक्यांत होल पूर्ण करणारा दोनशे यार्डांचा खेळाडू खरे तर चांगला खेळलेला असतो. कार्ड त्याला सांगते की तू चुकलास.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे, विशेषतः देवनहळ्ळीच्या संदर्भात. खेळ ऐच्छिक आहे, नको असेल तर खेळू नका; त्यात न्यायाची भाषा आणणे ही चैन आहे. याच तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीत तेरा गावांची १,७७७ एकर जमीन एरोस्पेस पार्कसाठी घ्यायचे ठरले, एप्रिल २०२२ पासून शेतकरी धरणे धरून बसले, आणि हजाराहून अधिक दिवसांनी, जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी ते संपादन सोडल्याचे जाहीर केले. ज्या मातीत असा लढा झाला तिथे हिरवळीवरच्या वीस-तीस यार्डांचे दुःख कुणापुढे मांडायचे? दोन्हींचे वजन एक नाही, हे मान्यच आहे. जमीन जाणे म्हणजे पार हुकणे नव्हे, आणि ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. परंतु ऐच्छिक म्हणजे न्यायाच्या कक्षेबाहेर, हे पटत नाही. भिशीत आपण आपल्या मर्जीने शिरतो. म्हणून चिठ्ठ्या कशाही काढलेल्या चालतात असे होत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या दिली, ती साधारण अशी की अनावश्यक अडथळे आपखुशीने स्वीकारून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. चेंडू हाताने नेऊन खळग्यात टाकणे सोपे आहे, आपण तसे करत नाही. व्याख्येतला ‘ओलांडण्याचा प्रयत्न’ मात्र महत्त्वाचा. अडथळा स्वीकारणाऱ्याने ओलांडण्याची शक्यता स्वीकारलेली असते. ती शक्यताच नसेल तर त्याची संमती कशाला होती, हा प्रश्न उरतो. चन्नरायपट्टणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा याच्या अलीकडच्या पायरीवरचा होता : तिथे संमतीच विचारलेली नव्हती.

आवाक्याबाहेरच्या मागणीवरचा सर्वांत गाजलेला वाद सोळाव्या शतकातला आहे. १५२४ मध्ये इरॅस्मसने मानवी इच्छास्वातंत्र्यावर लिहिले आणि पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिले. इरॅस्मसचा युक्तिवाद कुठल्याही क्लबातल्या सदस्याला समजेल असा आहे : देव आज्ञा देतो, त्या अर्थी ती पाळण्याची काहीतरी क्षमता माणसात असलीच पाहिजे, नाहीतर आज्ञा ही थट्टा ठरेल. ल्यूथरने हे पूर्ण उलटवले. आज्ञा पाळता यावी म्हणून दिलेलीच नाही, ती आपल्याला पाळता येत नाही हे आपल्याला कळावे म्हणून दिली आहे. नियम गर्व मोडतो; त्याचे कामच ते. अडीचशे वर्षांनी कांटने पुन्हा इरॅस्मसच्या बाजूने कौल दिला, की ‘करायलाच हवे’ असे म्हणण्यात ‘करता येते’ हे गृहीतच असते. मला ल्यूथरचा पक्ष लांब पार-थ्रीच्या बाबतीत सर्वांत भक्कम वाटतो, हे कबूल केले पाहिजे. सतरा होल माणसाला वाटत राहते की आपण खेळू शकतो. एखादा होल असा असावा की जिथे सगळ्यांचीच मान खाली जाते. शिवाय लांब पार-थ्री बलाढ्यांनाही सोडत नाही. ऑगस्टा नॅशनलचा चौथा होल २४० यार्डांचा आहे आणि मास्टर्स स्पर्धेच्या इतक्या वर्षांत तिथे टीवरून थेट खळग्यात चेंडू घालणारा खेळाडू एकच, १९९२ सालचा जेफ स्लूमन. मोठ्यांना आणि लहानांना सारखेच नमवणारा होल खरा समतावादी, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य आहे. मात्र ल्यूथरच्या मांडणीत नियमापाशी गोष्ट संपत नाही. मोडलेल्या माणसासाठी त्याच्याकडे कृपेचे दार आहे; ते दार नसते तर त्याचा देव नुसता क्रूर ठरला असता. मैदान आखणाऱ्याने ल्यूथरचे पहिले अर्धे वाक्य घ्यायचे आणि दुसरे विसरायचे, हे चालणार नाही.

आपल्या परंपरेत या दाराचा विचार अधिक बारकाईने झाला आहे असे मला वाटते. गीतेच्या बाराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला एका मागोमाग एक चार पायऱ्या उतरून दाखवतात. चित्त माझ्या ठायी स्थिर कर. ते जमत नसेल तर अभ्यासाने तिकडे ये. अभ्यासही होत नसेल तर माझ्यासाठी म्हणून कर्मे कर. तेही शक्य नसेल तर निदान कर्माच्या फळावरचा हक्क सोड. प्रत्येक पायरीवर ‘जमत नसेल तर’ आहे, आणि त्यात कुठे धिक्कार नाही. गंमत पुढच्या श्लोकात आहे. तिथे या सर्वांत खालच्या, नाइलाजाने सांगितलेल्या फलत्यागालाच ध्यानाच्याही वर बसवले आहे. शंकराचार्यांना ही अडचण वाटली, म्हणून त्यांनी ती केवळ स्तुती मानली; टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ते वाक्य जसे आहे तसेच खरे धरले. या वादात पडायला इथे जागा नाही, पण टिळकांचा अर्थ मैदानावर खरा ठरलेला आहे. १९५९ च्या यूएस ओपनमध्ये विंग्ड फूट मैदानाचा तिसरा होल होता २१६ यार्डांचा पार-थ्री, ग्रीनच्या दोन्ही बाजूंना खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. बिली कॅस्पर चारही दिवस ग्रीनवर जाण्याच्या भानगडीत पडला नाही. त्याने मुद्दाम अलीकडे चेंडू टाकला, तिथून चिप करून जवळ आणला, एक पट घातला. चार दिवस चार पार. स्पर्धा त्याने एका फटक्याने जिंकली. त्याच्या अंगात २१६ यार्ड नव्हते असे नाही, मोह सोडण्याची ताकदही होती इतकेच. आणि हे त्याला करता आले कारण ग्रीनच्या अलीकडे चेंडू ठेवायला जमीन होती. सायप्रस पॉइंटच्या मैदानाचा सोळावा होल आठवा : सव्वादोनशे यार्डांच्या आसपास, मध्ये सरळ पॅसिफिक महासागर. ते मैदान आखणाऱ्या ॲलिस्टर मॅकेंझीने तिथेही डाव्या हाताला जमिनीची एक जीभ ठेवली आहे, ज्याला समुद्र झेपत नाही त्याने तिकडून दोन फटक्यांत जावे. नवशिक्याचे फटके कितीही वाढले तरी त्याला फेरीचा आनंद मिळाला पाहिजे, हे मॅकेंझीने १९२० च्या आपल्या पुस्तकात मैदानाच्या आवश्यक गुणांत धरले होते.

ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे वाट, असे म्हणताच महाराष्ट्रात एक आक्षेप उठतो आणि उठायलाच हवा. अधिकारभेद हा शब्द आपल्याकडे निरागस राहिलेला नाही. तुझी पायरी ही, त्याची पायरी ती, असे सांगत शतकानुशतके माणसांना जन्मावरून बांधून ठेवले गेले. डॉ. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती अशीच दयाळू भाषा बोलत आली : तुला ते झेपणार नाही, तुझ्यासाठी हे आहे. मग पुढच्या टी, जादा फटके, वळसा घालून जाणारी वाट, हे त्याच भाषेचे सौम्य रूप नाही का? नाही, आणि फरक कुठे आहे तो नेमका सांगता येतो. हँडिकॅप काढताना शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या आठ घेतल्या जातात. एकविसावी फेरी खेळताच पहिली गळून पडते. खेळाडू काय करून दाखवतो एवढेच मोजले जाते, आणि तेही सतत पुसून पुन्हा लिहिले जाते. गीतेतल्या चार पायऱ्यांमधली कोणती धरायची हे आज तुम्ही ठरवता आणि उद्या बदलता. जैनांमध्ये साधूची महाव्रते आणि गृहस्थाची अणुव्रते मूळ तत्त्वाने एकच आहेत, मात्रा वेगळी, आणि एकाकडून दुसरीकडे जायची वाट बंद नाही. वर्णाच्या शिडीला अशी वाट नव्हती, तिथे वरच्या पायरीवर पाय ठेवणे हाच गुन्हा होता. बंगळूरच्या गोल्फकडेच पाहायचे तर सी. मुनियप्पा एके काळी कॅडी होता, दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारा. २००९ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. याचा अर्थ क्लबांमधले वर्गभेद संपले असा नाही, ते चांगलेच शाबूत आहेत. अर्थ एवढाच, की होलला त्याचा जन्म विचारता येत नव्हता. याच शहराची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पंधरा अंडर पार, रौप्यपदकाच्या प्लेऑफपासून एका फटक्यावर. लांब फटक्यांच्या खेळाडूंत तिची गणना होत नाही. तिने जे भरून काढले ते पटरने. लांबी कमी असलेल्याला हरवायचेच असे ठरवून मैदान आखले नसेल तर असे घडू शकते.

तेव्हा लांब पार-थ्रीकडे पाहताना यार्डांचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. आधी ग्रीन किती मोठे ते पाहावे. फटका तीन अंशांनी वाकडा गेला तर दीडशे यार्डांवर चेंडू सुमारे आठ यार्ड बाजूला पडतो, दोनशे तीसवर बारा. तेवढ्याच हाताला तेवढीच संधी द्यायची तर लांबच्या ग्रीनचे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त हवे. प्रत्यक्षात किती ठिकाणी असते? येलच्या मैदानावरचा नववा होल दोनशे यार्डांच्या पुढचा, तळ्यावरून जाणारा, पण ग्रीन अवाढव्य, मधोमध खोल घळ असलेले. नंतर ग्रीनचे तोंड पाहावे. लांब पल्ल्याच्या क्लबने, म्हणजे काठीने, मारलेला चेंडू उतरताना तिरपा येतो आणि पुढे धावतो. समोर उघडी जमीन असेल तर तो घरंगळत ग्रीनवर चढतो, पाणी किंवा बंकर असेल तर बुडतो. ओकमाँटच्या ज्या आठव्या होलची एवढी चर्चा होते त्याच्या डाव्या अंगाला ‘सहारा’ नावाचा प्रचंड बंकर आहे खरा, पण उजवीकडून ग्रीनचे तोंड उघडे आहे. म्हणून मी त्या तीनशे यार्डांना, तळ्यावरून थेट उडवत न्याव्या लागणाऱ्या एकशेनव्वद यार्डांपेक्षा अधिक न्याय्य म्हणेन. देवनहळ्ळीत यात ऋतूची भर पडते. नऊशे मीटरांच्या विरळ हवेत चेंडू साधारण तीन टक्के जास्त जातो, म्हणजे दोनशे तीसमधले सात यार्ड हे पठार फुकट देते. फेब्रुवारीत टणक लाल मातीवर आणखी काही यार्ड धावून मिळतात. ऑगस्टमध्ये तीच जमीन चेंडू जागीच धरून ठेवते आणि घरंगळत जाण्याची वाट बंद होते. कार्डावरचा आकडा बदललेला नसतो, होल मात्र दुसराच झालेला असतो. अशा वेळी क्लबाच्या समितीने टीचे खुंट पंचवीस-तीस यार्ड पुढे आणले तर ती मेहेरबानी नव्हे. फेब्रुवारीत जे मागितले होते तेच ती ऑगस्टमध्ये मागत असते. समिती आळसाने खुंट मागेच ठेवते तेव्हा ‘निसर्गापुढे इलाज नाही’ हे वाक्य ऐकायला मिळते. इलाज असतो, माळ्याला एक निरोप द्यायचा असतो.

वाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझा युक्तिवाद तिथे येऊन अडखळतो. देवनहळ्ळीच्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत, कारण इथला वारा मुख्यतः त्याच रेषेत वाहतो. पावसाळ्यात तो पश्चिमेचा असतो आणि दुपारी चढतो. सकाळी सातला शांत हवेत दोनशे तीस यार्ड मारणारा आणि दुपारी दोनला तोंडावर वारा घेऊन मारणारा, दोघांना एकच होल दिलेला असतो आणि दोघांची कार्डे एकाच फळ्यावर लागतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ मध्ये नैतिक दैवाचा प्रश्न मांडला, की जे माणसाच्या हातात नाही त्यावरून आपण त्याला चांगला-वाईट ठरवतो, आणि तसे न करण्याचा मार्गही सापडत नाही. योगवासिष्ठाला हे म्हणणे मानवले नसते. त्यात दैव जवळजवळ नाकारून सगळा भार पौरुषावर टाकला आहे. वाऱ्यापुढे पौरुषाने फक्त हातातला क्लब बदलता येतो. काहीजण इथे म्हणतील, की मग ग्रीनचा आकार आणि उघडे तोंड यांचा एवढा काथ्याकूट कशाला, खेळच लहरी आहे. पण मैदान माणूस आखतो, वारा कोणी आखत नाही. केलेल्या कृतीचा जाब मागता येतो. झुळुकेचा मागता येत नाही. आता समितीने दुपारच्या गटांसाठी खुंट पुढे आणावेत का? नियम आडवा येतो : एका फेरीत सगळ्यांना टी आणि खळगा एकाच जागी हवा. सर्वांना समान वागणूक आणि सर्वांवर समान भार या दोन्ही मागण्या न्यायाच्याच, आणि इथे त्या एकमेकींशी भांडतात. नियमाने पहिलीची बाजू घेतली आहे. दुसरीचे समाधान व्यावसायिक स्पर्धांत अर्धवटच केले जाते. पहिल्या दिवशी सकाळी खेळलेले दुसऱ्या दिवशी दुपारी जातात, दुपारचे सकाळी. दुसऱ्या दिवशी वारा पडलाच नाही किंवा दिवसभर सुटला, तर तेही फिटत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी ही अदलाबदलही थांबते. तेव्हा आघाडीवर असलेले सर्वांत शेवटी निघतात, म्हणजे दुपारचा चढता वारा जो सर्वांत पुढे आहे त्याच्याच वाट्याला येतो, आणि यावर कोणी तक्रार नोंदवल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही.